खिशातला चष्मा

१ सप्टेंबर

चिंगे,

पत्र लिहू नकोस, फोन करू नकोस, भेटायला तर येऊच नकोस, असा तुझा निरोप आला त्याला बरीच वर्षं झाली. फोन मी केला नाही, करणार तरी कुठे, नंबरच बंद. भेटायला आले नाही. पत्राचं मात्र आज मोडते आहे. रागावायचं तर खुशाल रागाव, निदान त्या निमित्ताने चार ओळी खरडशील.

तुझा पत्ता औषधवाल्याने दिला. तू याच शहरात आहेस आणि मला ठाऊक नाही! त्याच्याकडून तुझ्या नावाने डोळ्यांत घालायचे थेंब जातात. घरपोच देणारा माणूस म्हणतो, दार वीतभर उघडतं, हात बाहेर येतो, पैसे देऊन परत आत जातो. मी म्हटलं, आमची चिंगी कधीपासून एवढी माणूसघाणी झाली? लग्नाला बोलावलं नाहीस ते सोड. मेहुणा बघायचं भाग्यही माझ्या नशिबी नाही. फोटोसुद्धा पाठवला नाहीस. एवढा देखणा आहे की काय?

मी अजून तीच आहे. नाकावर राग, डोक्यावर पिकलेले केस. दिवसा शाळा आणि दर गुरुवारी संध्याकाळी सहाला मोठ्या माणसांचा इंग्रजीचा वर्ग. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची खोली आहे, जिना बाहेरून. एक पाववाली येते, तिला परदेशातल्या नातवंडांशी बोलायचंय. रुग्णवाहिका चालवणारा एक येतो, त्याला काय बोलायचंय ते अजून कळलेलं नाही, कारण तो बसल्याबसल्या पेंगतो.

पुढच्या आठवड्यात माझा लाडका धडा आहे. पुराव्यावरून निष्कर्ष काढायचा आणि तो इंग्रजीत सांगायचा. आपण 'तो घरी असेल' म्हणतो आणि 'तो घरी असणार' म्हणतो, पण बोलण्याच्या भरात कोण एवढं जपतं? तिकडे जपावं लागतं. दिवा दिसतोय, आवाज येतोय, मग मस्ट. नुसता अंदाज असेल तर माइट. कुलूप बाहेरून आहे, तर कान्ट. तुझ्या हातात जेवढा पुरावा, तेवढंच तोंड उघडायचं. तुला आवडला असता हा धडा. लहानपणी माझ्या पावलांच्या आवाजावरून तू ओळखायचीस की आज माझं कोणाशी भांडण झालंय.

ये ना एकदा. मागच्या बाकावर बस. मी वर्गात कोणाला सांगणार नाही की ही माझी बहीण.

तुझी ताई


८ सप्टेंबर

चिंगे,

तू आली नाहीस. दुसरंच कोणी आलं. दार ढकलून विचारलं, "मॅडम, मधूनच आलं तर चालेल का?" मी म्हटलं, फी मधूनच भरणार असाल तर चालणार नाही. हसला नाही.

याचं काम खिडक्या-दारं बसवण्याचं. तळमजल्यावर स्वतःचं कामाचं ठिकाण, वर घर. शर्टाचं गळ्याशी घट्ट बटण, केस पाण्याने चापून बसवलेले, आणि हातात एक पेन. ते पेन टिक टिक, टिक टिक, तासभर. रुग्णवाहिकावाल्याची झोपसुद्धा उडाली. मी मनातल्या मनात त्याचं नाव टिकटिक ठेवलंय. त्याचा चेहरा असा की धुऊन इस्त्री करून ठेवलाय, घडी मोडायची नाही.

पण डोकं तल्लख. दाराबाहेर दोघांच्या चपला, आतून काहीच आवाज नाही, सांगा बघू, असं मी विचारलं. पाववाली म्हणाली, झोपले असतील. टिकटिक म्हणाला, "चपला दोघांच्या आहेत म्हणून माणसं दोन आहेत असं नाही मॅडम. एकानेच दुसऱ्याच्या आणून ठेवल्या असतील." बिनचूक इंग्रजीत.

शेवटी त्याने एक प्रश्न विचारला. पुरावा नाही, पण आपल्याला एखाद्याबद्दल पक्की खात्री आहे, तर काय म्हणायचं? मी म्हटलं, तर माइट म्हणायचं आणि गप्प बसायचं. त्याने ते लिहून घेतलं आणि पुन्हा टिक टिक.

असली माणसं मला शिकवायला आवडतात खरं तर. पण पुढच्या वेळी ते पेन मी खिडकीतून खाली सायकलवाल्याकडे टाकणार आहे.

तुझं काय चाललंय? डोळ्यांना काय झालंय? थेंब कसले घालतेस? एवढं तरी कळव.

ताई


१५ सप्टेंबर

चिंगे,

आज गंमत सांगते. टिकटिकच्या हातातलं पेन गेलं. साधी शिसपेन्सिल घेऊन आला. आणि गळ्याशी बटण उघडं! मी मनाशी म्हटलं, चला, माणूस माणसात आला.

काल मी वर्गाला बेसावध पकडलं. नियम असा की आत्ता खिशात किंवा पिशवीत जे असेल ते टेबलावर ठेवायचं, मालकाने गप्प बसायचं आणि बाकीच्यांनी त्या वस्तूवरून निष्कर्ष काढायचा. असं न सांगता केलं की माणसं खरी निघतात. पाववालीच्या पिशवीतून एक लहान मोजा निघाला, एकच. रुग्णवाहिकावाल्याकडे बडीशेपेची पुडी. टिकटिक म्हणाला माझ्याकडे काही नाही, आणि घाम पुसायला रुमाल ओढला तर रुमालाबरोबर डबी खाली पडली. पाववालीने ती उचलून टेबलावर ठेवली. आतमध्ये बायकी चष्मा. जाड भिंगांचा.

तुझीच आठवण झाली. शाळेत बाकीच्या मुली तुझा चष्मा पळवायच्या आणि तू माझ्या खांद्यावर हात ठेवून घरी यायचीस. चष्म्याशिवाय तुला स्वतःची बोटंही पुसट दिसायची. हा त्याहून जाड असेल.

वर्गाने झकास निष्कर्ष काढले. ती बाई वाचणारी असेल. ती याची बायको असणार. तिला चष्म्याशिवाय रस्ता ओलांडता येणार नाही, कान्ट. इथपर्यंत सगळे हसत होते. मग पाववाली मराठीतच म्हणाली, "मग ती बाई आत्ता घरी काय लावून बसलीय?"

टिकटिक म्हणाला, जुना आहे, दुरुस्तीला न्यायचाय. असेल बाई. मला काही मोडलेलं दिसलं नाही, पण मी काही चष्म्यातली जाणकार नाही. पुढचा धडा घेतला.

आता एक गोष्ट तुलाच सांगते, अजून कोणालाही सांगितलेली नाही. माझा उजवा कान गेलाय. डॉक्टर म्हणतात परत येणार नाही. उजवीकडून कोणी बोललं तर मला शब्द कळत नाही, मी नुसती मान हलवते. वर्गात कळलं तर माझी नोकरी धोक्यात येईल, म्हणून तोंडाला कुलूप. बहिणीला नाही सांगणार तर कोणाला?

ताई


२२ सप्टेंबर
(हे टपालात टाकायचं नाही)

चिंगे,

माझे दोन्ही कान ठणठणीत आहेत.

मागचं पत्र लिहिताना अर्ध्यावर मनात पाल चुकचुकली. पेनाची तक्रार मी फक्त तुझ्या पत्रात केली होती. बटणाची टिंगलही तिथेच. वर्गात मी चकार शब्द काढला नव्हता. आणि आठवड्याच्या आत पेन गेलं, बटण उघडलं. योगायोग असेल, म्हटलं. माइट. म्हणून कान लिहिला, कारण ती गोष्ट जगात कुठेच नाही, फक्त त्या पाकिटात आहे.

काल तो आला. आजवर उजव्या रांगेत बसायचा. काल सरळ डावीकडे आला, पाववालीला म्हणाला, "मावशी, जरा तिकडे सरकता का?" आणि तासभर मला जे विचारलं ते डाव्या बाजूने, जरा मोठ्याने, अगदी मायेने. मी फळ्याकडे तोंड केलं. खडू हातातच मोडला.

आता मी तुझ्यासाठी धडा मांडते, कारण घाबरले की मला शिकवायची सवय आहे. माझी पत्रं तो वाचतो. तुझ्या घरी येणारं पाकीट त्याच्या हाती पडतं. म्हणजे तोच तुझा नवरा. माझं पहिलं पत्र मिळाल्यावर तो मला बघायला वर्गात आला. तो चष्मा तुझा आहे. तो बाहेर पडताना तुझा चष्मा खिशात घालून नेतो. मग काल संध्याकाळी माझ्या वर्गात तो बसला होता तेवढा वेळ तू घरात भिंती चाचपत होतीस.

यातल्या एकाही वाक्यात मला माइट लावता येत नाही. खूप प्रयत्न केला.

आज सकाळी तुझ्या गल्लीत जाऊन आले, डोक्यावरून ओढणी घेऊन. वरच्या सगळ्या खिडक्यांना दुधी काचा, आणि तावदानं अशी बसवलेली की उघडायची सोयच नाही. खाली तो काचा कापत होता. मी न थांबता पुढे गेले. पोलिसांकडे गेले, तर तिथला साहेब चांगला होता पण म्हणाला, "त्या सज्ञान आहेत. त्यांनी स्वतः सांगितलं पाहिजे. कानाच्या आणि पेनाच्या गोष्टीवर मी दार कसं फोडू?" आणि आम्ही आधी चौकशीला गेलो तर तो त्यांना घेऊन दुसरीकडे निघून जाईल, हेही तोच म्हणाला.

पाववालीला सगळं सांगितलं. तिने पोळपाटाएवढे हात कमरेवर ठेवले आणि म्हणाली, गुरुवारी तो वर्गात असताना मी जाऊन घेऊन येते. पण तू अनोळखी बाईबरोबर चष्म्याशिवाय जिना उतरशील का? तो तुला काय काय सांगत असेल माझ्याबद्दल? तुला आणायचं तर मलाच आलं पाहिजे, माझा आवाज तुला कळला पाहिजे. आणि मी वर्गात नसले तर तो त्याच पावली घरी परतेल. तो एरवी घर सोडतच नाही.

म्हणून त्याला घराबाहेर काढणारं पत्र मला लिहायला हवं. चिंगे, मला भीती वाटते. पत्रात एक शब्द चुकला तर त्याचा हिशेब तो तुझ्याकडून घेईल.

ताई


२३ सप्टेंबर

चिंगे,

तुझं उत्तर येत नाही, समजले. मी आता मागे लागणार नाही.

मला दुसऱ्या गावी कायमची नोकरी मिळाली आहे. कानाचं इथे कळायच्या आत गेलेलं बरं. रविवारी, १ ऑक्टोबरला, दुपारी बाराच्या बसने निघते. अकरापासून मोठ्या बस स्टँडवर चौकशीच्या खिडकीपाशी असेन. एकदा येऊन भेट. पाच मिनिटं. नंतर आयुष्यभर नाव काढू नकोस.

मात्र तू आली नाहीस, किंवा तुझ्याकडून कोणी येऊन मला नीट काही सांगितलं नाही, तर मी बस सोडून देईन आणि सामान घेऊन सरळ तुझ्या दारात येईन. तू मला ओळखतेस. शेजारपाजार गोळा होईपर्यंत मी दार वाजवेन.

ताई


३ ऑक्टोबर

महाशय,

आजवरची सगळी पत्रं तुम्हीच वाचलीत, तेव्हा हे पाकीट तुमच्याच नावाने. नाव लिहिताना हात जड झाला, एवढं मान्य करते.

वर्गाच्या दाराखालून सरकवलेली तुमची चिठ्ठी मिळाली. इंग्रजी चांगलं आहे. 'ती आजारी असणार. ती माझ्याशिवाय राहू शकत नाही. ती माझी वाट बघत असणार.' तिन्ही ठिकाणी तुम्ही मस्ट आणि कान्ट वापरलंत, माइट एकदाही नाही. वर्गात मी दर वेळी विचारायचे तेच आता विचारते. पुरावा काय?

माझ्याकडे आहे तो ऐका.

रविवारी पावणेअकराला पाववालीच्या नवऱ्याने फोन केला की तुम्ही चौकशीच्या खिडकीपाशी उभे आहात, हातात मिठाईचा खोका आहे आणि शर्टाचं बटण गळ्याशी लावलंय. माझ्यासाठी कोणता निरोप पाठ करून आला होतात ते मला कधीच कळणार नाही. गुरुवारी माझ्या निरोपाच्या भाषणात तुम्ही डोळे पुसलेत, तेव्हा क्षणभर मलाच वाटलं होतं की मी जाते आहे.

पाववाली आणि मी तुमच्या जिन्याने वर गेलो. वर पोचल्यावर मला कळलं की कुलूप लावायची तुम्हाला गरजच वाटली नव्हती. दाराला बाहेरून नुसती कडी. सरकवली, दार उघडलं.

ती भिंतीला पाठ लावून उभी होती. तिला एवढंच दिसलं असणार की दारात कोणीतरी आहे. मी तोंड उघडायच्या आधी ती म्हणाली, "मी खिडकीपाशी गेले नव्हते."



मी म्हटलं, "चिंगे, मी आहे." तिचा विश्वास बसेना. ती म्हणाली, "ताई येणार नाही. तिने पत्रात लिहिलंय." तेव्हा समजलं की माझी पत्रं तुम्ही तिला वाचून दाखवत होता, तुमच्या शब्दांत. मी तिचं तोंड बघायला तयार नाही, ती मला मेली, असं मी दर आठवड्याला लिहिते, हे तिला तुमच्याकडून कळायचं. त्यात एकच गोष्ट तुम्ही माझी जशीच्या तशी वाचलीत. ती पुढे आली, चाचपत माझा चेहरा शोधला, डावा कान धरला आणि त्यात ओरडली, "ताई, खरंच तू आहेस का?" माझं सगळं वाईट चाललंय तेवढं तुम्ही तिला इमानदारीत सांगितलंत, आणि तिने कोपऱ्यात बसून माझ्या कानाची काळजी केली. मी तिला सांगितलं की कान बरा आहे. ती रडायला लागली आणि मीही. मला वाटलं होतं मी रडणार नाही.

तिने काही घेतलं नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि जिना उतरली.

आमच्या घरात ती नळ सोडण्याआधी विचारते. दिवा लावण्याआधी विचारते. काल पाववालीने विनोद केला तर हसण्याआधी तिने माझ्याकडे बघितलं. ही बाई तुमची वाट बघत असणार, असं तुम्ही लिहिता. ती दाराकडे बघते हे खरं आहे. जिन्यावर पाऊल वाजलं की तिच्या हातातली वाटी हलते, आणि पाऊल शेजारच्या दारात गेलं की वाटी थांबते. तुम्ही हुशार विद्यार्थी आहात. यावरून काय निघतं ते तुम्हीच लिहा.

तिने तक्रार दिली आहे. मी दिलेली नाही, मी बाहेर बाकावर बसले होते. साहेबांनी तिला विचारलं की कुणाच्या सांगण्यावरून आलात, तर म्हणाली, "माझ्या." थेंब कसले ते औषधवाल्याकडून मागवून डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं, साधेच निघाले. बाटली मात्र दर वेळी तुमच्याच हातात असायची, तिला ती कधी मिळायची नाही, एवढं तिने लिहून दिलंय. वर्गातल्या प्रत्येकाने टेबलावरचा तो चष्मा पाहिला होता, त्यांचेही जबाब झाले. रुग्णवाहिकावाला कधी नव्हे तो पूर्ण जागा राहून बोलला.

गुरुवारचा वर्ग नेहमीसारखा सहाला आहे. दोन नवे विद्यार्थी यायचे आहेत, साहेबांनी पाठवलेले, त्यांना इंग्रजीशी काही देणंघेणं नाही. हे तुम्हाला कळवू नका असं मला सांगितलं होतं. मी कळवते, कारण तुम्ही येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

चिंगीला मी म्हटलं, या गुरुवारी तू घरीच थांब, पाववाली तुझ्यासोबत राहील. ती नाही म्हणाली. तिला वर्गात बसायचंय. नवा चष्मा कालच मिळाला. मी तिला समजावलं की एवढं सगळं झाल्यावर तो कदाचित येणारही नाही.

"कदाचित नाही, ताई," ती म्हणाली. "तो येणारच. मी राहिलेय त्याच्याबरोबर."

मग तिने विचारलं की तिची खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवता येईल का. मी हो म्हटलं आहे.

तिची ताई